कात्री आणि लेफ्टनंट जेरी

शेवटी टॉमच रॉकेटवर बांधलेला वर जातो. आभाळात धडाम् होतं, ठिणग्यांचा पाऊस पडतो आणि त्या ठिणग्यांमधून अमेरिकेचा झेंडा उमटतो. तारे ताऱ्यांच्या जागी, पट्टे पट्ट्यांच्या जागी. खाली जेरी पाय जुळवून सॅल्यूट ठोकतो.

माझी भाची सई, वय वर्षं नऊ, तोवर सोफ्यावर लोळून हसत होती. झेंडा दिसला तशी उठून बसली. "मामा, मांजराचा झेंडा कसा काय झाला?"

मी लहानपणी हे कार्टून कमीत कमी पंधरा वेळा पाहिलंय. १९९५ साली कार्टून नेटवर्क भारतात आलं तेव्हा आमच्या अख्ख्या वाड्यात एकाच घरी केबल होती, आणि शाळेतून आलं की दप्तर फेकून तिकडे धावायचं हा नेम होता. पण हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. इंग्रजी पाचवीपासून असायचं, त्यामुळे पडद्यावर येणाऱ्या इंग्रजी चिठ्ठ्या म्हणजे नुसत्या रेघोट्या. झेंडा म्हणजे शोभेच्या दारूतला एक प्रकार. मांजर आपटलं की हसायचं आणि पुढचं मांजर कधी आपटतंय याची वाट बघायची, एवढंच.

आपण पाहत होतो तो युद्धपट होता, हे मला कळायला पुढची पंधरा वर्षं गेली.

'द यांकी डूडल माउस' हे त्याचं नाव. जून १९४३ मध्ये, महायुद्ध ऐन भरात असताना, विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या जोडीनं ते एमजीएम या हॉलिवूडच्या स्टुडिओसाठी काढलं. जेमतेम सात मिनिटांचं. त्याला ऑस्कर मिळालं. टॉम अँड जेरीला मिळालेल्या सात ऑस्करांपैकी हे पहिलं. घराच्या तळघरात मांजर आणि उंदीर लढतात, एवढीच गोष्ट. पण त्या तळघरातली एकेक वस्तू लष्करात भरती झालेली आहे. उंदराच्या बिळावर पाटी आहे 'कॅट रेड शेल्टर'. हवाई हल्ल्यापासून लपायच्या जागेला एअर रेड शेल्टर म्हणत, त्यावरची कोटी. अंड्यांचा खोका म्हणजे दारूगोळा. त्यावर हँड ग्रेनेडच्या चालीवर 'हेन ग्रेनेड' असं लिहिलेलं. चीज किसायची किसणी रोलर स्केटवर चढवली की झाली जीप, आणि ती जीप टॉमच्या पार्श्वभागावरून जाते तेव्हा काय होतं ते सांगायला नको. पिठाची पिशवी फोडली की धुराचा पडदा. शॅम्पेनची बुचं म्हणजे तोफगोळे, विजेचे दिवे म्हणजे बाँब. जेरीचं विमान पडतं तेव्हा तो ब्रेसिअरचं पॅराशूट करून खाली उतरतो.

आणि त्या चिठ्ठ्या. पाण्याच्या टबात तरंगणाऱ्या टॉमवर जेरी वीट टाकतो, टॉम बुडतो, आणि पडद्यावर तार येते: 'मांजर दिसलं, तेच बुडवलं. सही, लेफ्टनंट जेरी माउस.' १९४३ च्या प्रेक्षकाला हे वाचून का हसू फुटलं असेल? कारण जानेवारी १९४२ मध्ये डोनाल्ड मेसन नावाच्या अमेरिकी नौदल वैमानिकाचा असाच संदेश वर्तमानपत्रांतून गाजला होता: पाणबुडी दिसली, तीच बुडवली. इंग्रजीत चार शब्द, चारही स-कारानं सुरू होणारे. देश हरत असताना मिळालेली ती पहिली चटकदार बातमी. गंमत म्हणजे युद्धानंतर जर्मन नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं की त्या दिवशी पाणबुडी बुडालीच नव्हती. मेसननं पुढे मार्चमध्ये एक खरोखर बुडवली, पण ज्या संदेशावर जेरीची तार बेतली आहे तो मुळात फुसका बार होता. म्हणजे एका थापेची नक्कल करून उंदीर आपल्याला हसवतो, आणि ती थाप होती हे हसणाऱ्याला आणि हसवणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

आणखी एक गंमत. ब्रिटिश सैनिकांच्या बोलीत 'टॉमी' म्हणजे आपला शिपाई आणि 'जेरी' म्हणजे जर्मन. इथे अमेरिकेचा झेंडा मिरवणाऱ्या शूरवीराचं नाव जेरी. लंडनमधल्या प्रेक्षकानं कपाळाला हात लावला असेल.

हे सगळं इतकं सविस्तर सांगायचं कारण असं, की अशा कार्टूनचं आज करायचं काय, हा प्रश्न गेली काही दशकं पुन्हा पुन्हा वर येतो. मुलांना दाखवावीत का? दाखवली तर अख्खी, की कापून? की पेटीत ठेवून किल्ली फेकून द्यावी? माझं म्हणणं मी आधीच सांगून टाकतो. कापायची तर नाहीतच. कारण आजवर ज्यांनी ज्यांनी कात्री चालवली, त्यांनी दर वेळी इतिहास कापला आणि हाणामारी ठेवली.

उदाहरण घेऊ. २००६ साली ब्रिटनमध्ये एका प्रेक्षकानं, होय, एकाच, ऑफकॉम या प्रसारण नियामकाकडे तक्रार केली की टॉम अँड जेरीच्या दोन जुन्या कार्टूनांत पात्रं सिगारेट ओढतात आणि हे मुलांच्या वाहिनीवर बरं दिसत नाही. कार्टून नेटवर्क चालवणाऱ्या टर्नर कंपनीनं लगेच आपला दीड हजारांवर कार्टूनांचा साठा तपासायला घेतला. धूम्रपानाला मोठेपणा देणारी दृश्यं काढायची ठरलं. ठीक आहे, सिगारेट वाईटच. पण त्याच सात मिनिटांत त्याच मांजराच्या डोक्यात हातोडा बसतो, शेपटी विजेच्या प्लगात जाते, दात कपच्यांसारखे गळून पडतात, त्याला कुणी हात लावला नाही. लावता येणारही नव्हता म्हणा, कारण मग शीर्षक आणि 'समाप्त' एवढंच उरलं असतं.

दुसरं उदाहरण जास्त बोचणारं आहे. त्या काळच्या कार्टूनांत एक ठरलेला विनोद असे. तोंडासमोर स्फोट झाला की पात्राचा चेहरा काळाकुट्ट, ओठ जाड, डोक्यावर वेण्या. म्हणजे गोऱ्यांनी काळ्या लोकांची रंगवलेली हिणकस नक्कल. टीव्हीवर दाखवताना हे काढतात आणि ते काढावंसं वाटणं मी समजू शकतो. पण नेमकं काय निघतं ते पाहा. स्फोट राहतो. स्फोटानंतरचे दोन सेकंद जातात. मुलाला दिसतं ते असं: तोंडावर बाँब फुटला आणि पुढच्या क्षणी मांजर धावतंय. विनोद वंशद्वेषी होता हे त्याला कळत नाही, कारण तो त्याला दिसतच नाही. बाँब फुटणं मात्र अगदी स्वच्छ, निर्मळ होऊन त्याच्यापर्यंत पोहोचतं.

टॉमच्या घरातली ती कामवाली बाई आठवते का? तिचा चेहरा सहसा दिसत नसे, फक्त पाय, सपाता आणि हातातला झाडू. लिलियन रँडॉल्फ या कृष्णवर्णीय अभिनेत्रीनं तिला आवाज दिला होता. काळ्या बाईला मोलकरणीच्या ठरीव साच्यात बसवलं हा तिच्यावरचा आक्षेप योग्यच होता. त्यावर १९६० च्या दशकात टीव्हीसाठी काय तोड काढली? काही कार्टूनांत तिच्या जागी गोरी बाई रंगवून घातली. आवाजही बदलला. साचा जाऊ दे, बाईच घरातून घालवली. याला सुधारणा म्हणायचं की बेदखली?

मांजर डोळे मिटून दूध पितं, असं आपण म्हणतो. इथे तर अख्खी कंपनी डोळे मिटून बसलेली.

आता या बाजूचं सगळ्यात अवघड उदाहरण. ते टाळून पुढे गेलो तर हा लेख लिहिण्यात अर्थ नाही.

'द यांकी डूडल माउस' आज बिनघोर पाहता येतं, कारण त्यात शत्रूचं नाव नाही. टॉम ना जर्मन आहे ना जपानी, तो मांजर आहे. बाकीची कार्टून इतकी मोघम नव्हती. ऑगस्ट १९४२ मध्ये त्याच एमजीएममधून टेक्स एव्हरीचं 'ब्लिट्झ वुल्फ' आलं. तीन डुकरं आणि लांडगा, पण लांडग्याचं नाव अॅडॉल्फ. दोन डुकरांनी त्याच्याशी अनाक्रमणाचा करार केलेला असतो, म्हणून ती निवांत. तिसरं डुक्कर तेवढं तोफा रचून बसलंय. सुरुवातीलाच पाटी येते की या चित्रपटातला लांडगा काल्पनिक नाही, आणि हिटलरशी साम्य आढळलं तर ते पुरतं जाणूनबुजून आहे. त्या पाटीत हिटलरला एक शिवीही आहे. आणखी एक पाटी आहे: या चित्रपटात दाखवलेले टायर काल्पनिक आहेत, याची खात्री बाळगा. जपाननं मलाया घेतल्यावर रबर तुटलं होतं आणि अमेरिकेत टायर रेशनवर होते, म्हणून ही पाटी. एव्हरी नंतर सांगत असे की निर्माता फ्रेड क्विम्बीनं त्याला बजावलं होतं, हिटलरला जरा जपून घे, युद्ध कोण जिंकेल काही सांगता येत नाही. खरंखोटं एव्हरी जाणे, पण निर्मात्यांची जात ओळखणाऱ्याला ही गोष्ट खोटी वाटणार नाही.

इथवर मजा. पण याच कार्टूनमध्ये डुकराच्या घराबाहेर आणखी एक पाटी आहे. 'कुत्र्यांना प्रवेश नाही' असं लिहून 'कुत्रे' खोडलंय आणि तिथे जपान्यांसाठीचा तुच्छतेचा शब्द घातलाय. अशा पाट्यांच्या गोष्टी आपण साहेबांच्या क्लबांबद्दल ऐकत मोठे झालो, तेव्हा ती पाटी कशी लागते हे आपल्याला समजावून सांगायला नको. पुढे डुकरांची तोफ टोकियोच उडवते आणि फलक येतो की हे डूलिटलनं केलं. एप्रिल १९४२ मध्ये जेम्स डूलिटलच्या विमानांनी टोकियोवर खरोखर बाँब टाकले होते.

फरक दिसतोय ना? जर्मनी म्हणजे एक माणूस: मिशी, कपाळावरचा केस, आरडाओरडा. जपान म्हणजे अख्खं शहर, अख्खी जमात. १९४४ साली वॉर्नर ब्रदर्सनं काढलेल्या एका कार्टूनमध्ये बग्ज बनी एका बेटावर जपानी शिपायांना बाँब घातलेली आइस्क्रीमं वाटतो, आणि वाटताना त्यांना जी विशेषणं लावतो ती मी इथे लिहिणार नाही. सगळे जपानी दातपुढे, चष्मेवाले, एकसारखे. १ जानेवारी १९४३ ला आलेल्या डिस्नेच्या 'डर फ्यूरर्स फेस'मध्ये डोनाल्ड डक नाझी कारखान्यात बाँबगोळ्यांच्या टोप्या फिरवून फिरवून वेडा होतो. न्याहारीला दोऱ्याला बांधलेला कॉफीचा एक दाणा पाण्यात बुडवून काढतो, लाकडासारखा पाव करवतीनं कापतो, आणि जाता जाता मिळेल त्या तसबिरीला सलाम करतो. तिथे चेष्टा व्यवस्थेची आहे. सामान्य जर्मन कामगाराच्या जागी तर आपला लाडका डोनाल्डच आहे. सामान्य जपानी माणसाच्या जागी कुणी लाडकं पात्र ठेवल्याचं मला आठवत नाही.

हा फरक नुसता चित्रांतला नव्हता. फेब्रुवारी १९४२ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी आदेश क्रमांक ९०६६ वर सही केली आणि सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना घरंदारं सोडून काटेरी तारांच्या छावण्यांत जावं लागलं. त्यांतले सुमारे दोन तृतीयांश अमेरिकेचे नागरिक होते. १९८८ साली अमेरिकी सरकारनं कायदा करून माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर दिले. कार्टूनमुळे छावण्या झाल्या असं मी म्हणणार नाही, ते अतिरेकी होईल. पण छावण्या चालू असताना थिएटरात लोकांना कशावर हसायची सवय लावली जात होती, त्याचा हा पुरावा आहे, आणि पुरावा म्हणून तो कुठल्याही भाषणापेक्षा बोलका आहे. भाषण तयारीनं केलेलं असतं. विनोद माणसाच्या तोंडून निसटतो.

आता आक्षेप. बग्ज बनीचं ते कार्टून १९९० च्या दशकात व्हिडिओ संचातून आलं तेव्हा जपानी-अमेरिकन संघटनांनी निषेध केला आणि कंपनीनं ते मागे घेतलं. ज्याची आजी छावणीत जन्मली त्या माणसाला मी 'इतिहास म्हणून बघा हो' असं शांतपणे सांगू शकतो का? नाही सांगू शकत. दुखावणं खरं आहे, आणि त्याचा हिशेब करण्याचा हक्क माझ्यापेक्षा त्याला जास्त आहे. पण कंपनीनं पुढे काय केलं ते बघा. तिनं त्या आजीची कहाणी सांगितली नाही, कार्टून कुणी आणि का काढलं यावर चार ओळी छापल्या नाहीत. माल फडताळावरून उचलला, झाली जबाबदारी पूर्ण. झाकली मूठ सव्वा लाखाची. निषेध करणाऱ्यांना न्याय मिळाला की कंपनीला सुटका, हे मला आजही ठरवता येत नाही.

या झाकपाकीतही पंक्तिप्रपंच आहेच. १९६८ साली युनायटेड आर्टिस्ट्सनं, तेव्हा हक्क त्यांच्याकडे होते, वॉर्नरची अकरा कार्टून टीव्हीवर दाखवायची नाहीत असं ठरवलं. अमेरिकेतले कार्टूनवेडे त्यांना 'सेन्सॉर्ड इलेव्हन' म्हणतात. अकराच्या अकरा कृष्णवर्णीयांच्या टवाळीची. जपान्यांची टवाळी करणारं युद्धकाळातलं एकही त्यांत नव्हतं. म्हणजे १९६८ साली कुणाचं दुखणं ऐकू येत होतं आणि कुणाचं नव्हतं, तेही या यादीवरून कळतं. कात्रीलासुद्धा काळ असतो. आज आपण जे कापू, त्यावरून उद्याची माणसं आपल्याला ओळखतील.

तिकडे जपानात काय चाललं होतं? तेच. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. १९४३ मध्येच जपानी नौदल मंत्रालयाच्या पाठबळावर मित्सुयो सेओ यांनी 'मोमोतारोचे समुद्री गरुड' नावाचा ३७ मिनिटांचा चित्रपट काढला. मोमोतारो हा जपानी लोककथेतला पीचमधून जन्मलेला मुलगा. कुत्रा, माकड आणि पक्षी घेऊन तो राक्षसांच्या बेटावर चालून जातो. चित्रपटात ते बेट म्हणजे पर्ल हार्बर, माकडं-कुत्री म्हणजे विमानचालक, आणि राक्षसांमध्ये एक लठ्ठ, दारू प्यालेला गोरा खलाशी आहे तो चक्क पॉपायच्या कार्टूनमधला ब्लूटो. शत्रूच्याच कार्टूनमधलं पात्र उचलून शत्रूला मारलंय. माकडं इतकी गोड, इतकी खोडकर की ती बाँब टाकायला निघालीत हे आपण विसरतो. विसरावं म्हणूनच तर ती गोड काढलीत. सेओंनी १९४५ च्या एप्रिलमध्ये त्याचा ७४ मिनिटांचा पुढचा भाग काढला. तो ओसाकात जवळजवळ रिकाम्या थिएटरात पाहून ओसामू तेझुका नावाचा सोळा वर्षांचा मुलगा रडला आणि आपण कार्टून काढायचंच असं त्यानं ठरवलं. पुढे मांगाचा, म्हणजे जपानी चित्रकथांचा, देव म्हणून तो ओळखला गेला. तो चित्रपट युद्धानंतर नष्ट झाला असं सगळे धरून चालले होते. १९८० च्या दशकात शोचिकू कंपनीच्या गोदामात त्याची निगेटिव्ह सापडली. ती कुणी तेव्हाच जाळली असती तर? सैन्यानं पैसा पुरवलेल्या चित्रपटातून तेझुका कसा घडला, हे आपल्याला नुसतं ऐकीव राहिलं असतं.

आपण या भांडणात कुठे होतो? हा प्रश्न मराठी वाचकानं स्वतःला विचारावा असा आहे, कारण आपण दोन्हीकडे होतो. ब्रिटिशांच्या हिंदी सैन्यात युद्धाअखेर सुमारे २५ लाख माणसं होती. सातारा-कोल्हापूरकडच्या गावांत तो दूरचा विषय नव्हता. तर १९४४ मध्ये जपानच्या मदतीनं नेताजींची आझाद हिंद सेना इंफाळच्या वेशीवर होती. एप्रिल १९४२ मध्ये विशाखापट्टणमवर आणि डिसेंबरात कलकत्त्यावर जपानी बाँब पडले, तरीही आपल्या घरांत जपान्यांबद्दलचा राग इंग्रजांवरच्या रागाइतका कधी रुजला नाही. आणि ज्या वर्षी जेरी तळघरात अंड्यांचे बाँब फेकत होता, त्याच १९४३ साली बंगालात लाखो माणसं अन्नावाचून मेली. अमेरिकी कार्टून मुंबईला परकी नव्हती, एमजीएमचं स्वतःचं मेट्रो थिएटर १९३८ पासून धोबीतलावला उभं होतं. ही कार्टून आपल्यासाठी काढलेली नव्हती, आपल्याविरुद्धही नव्हती. म्हणून तर त्यांच्याकडे धड बघण्याची सोय आपल्याला आहे. अमेरिकन माणूस ती बघताना एक तर आजोबांच्या आठवणीनं गहिवरतो नाही तर शरमतो. आपल्याला दोन्हीची गरज नाही.

प्राण्यांच्या आडून लढाई शिकवणं तर आपल्याला मुळीच नवं नाही. पंचतंत्राचं तिसरं तंत्र कावळे आणि घुबडांच्या वैराचं आहे. कावळ्यांचा म्हातारा मंत्री जखमी झाल्याचं सोंग करून घुबडांच्या गुहेत आसरा घेतो आणि शेवटी दाराशी काटक्या रचून सगळ्यांना आत जाळून मारतो. माझ्या लहानपणच्या रंगीत पुस्तकात हे एका ओळीत आटोपलं होतं आणि पुढच्या पानावर कावळे नाचत होते. घुबडांनी आसरा दिला होता, ही गोष्ट चित्रातून गायब. कात्री फक्त हॉलिवूडकडेच असते असं नाही.

कापत नाही तर काय करायचं? हल्ली सोपा मार्ग निघालाय: आधी काळी पाटी दाखवायची. २०१४ साली अॅमेझॉननं टॉम अँड जेरीला असा इशारा चिकटवला तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. वॉर्नरनं त्याआधीच आपल्या डीव्हीडी संचांवर एक निवेदन घातलं होतं: हे चित्रण तेव्हाही चूक होतं आणि आजही चूक आहे, पण ते काढून टाकणं म्हणजे असे पूर्वग्रह कधी नव्हतेच असा दावा करण्यासारखं होईल. वाक्य चोख आहे, मला पटतं. पण पाटी कंपनीची, माल कंपनीचा, प्रमाणपत्रही कंपनीचंच. उंदराला मांजर साक्ष. आणि धोरण एकसारखं राहतं असंही नाही: २०१३ साली टॉम अँड जेरीच्या एका मोठ्या ब्लू-रे संचातून दोन कार्टून गुपचूप वगळल्याचं रसिकांच्या लक्षात आलं, त्यांनी आरडाओरडा केला, तर तो संच तेव्हा बाजारात आलाच नाही. अख्खं दाखवण्यापेक्षा काहीच न दाखवणं परवडलं.

पाटीतली खरी अडचण वेगळीच आहे. ती सगळ्यांना एकच असते. जेरीच्या किसणीच्या जीपला आणि बग्ज बनीच्या आइस्क्रीमला एकच 'त्या काळातील चित्रण'. हे एकाच पातळीवरचे अपराध नाहीत. एकाला समजावून सांगायची गरज आहे, दुसऱ्याचा पंचनामाच व्हायला हवा. डिस्नेनं २००४ साली आपली युद्धकाळातली कार्टून डीव्हीडीवर आणली तेव्हा समीक्षक लेनर्ड माल्टिन आधी पडद्यावर येऊन चार गोष्टी सांगत असत: हे केव्हा काढलं, कुणासाठी, तेव्हा लोकांच्या डोक्यात काय होतं. मला ही पद्धत पाटीपेक्षा शंभर पटींनी बरी वाटते. माणूस बोलला की त्याला उलट प्रश्न विचारता येतो.

मुलांच्या वाहिनीवर दुपारी चार वाजता ही सगळी लावा, असं मी म्हणत नाही. वाहिनीनं एखादं कार्टून लावूच नये, तो तिचा अधिकार आहे. न लावणं प्रामाणिक आहे. कापून, पुसून, रंगवून 'हेच ते मूळ' म्हणून लावणं अप्रामाणिक आहे. आणि ज्याला बघायचंय त्याला ते अख्खं, तारखेसकट, कुठे तरी मिळालं पाहिजे. संग्रहात, ओटीटीवर, शाळेत. हो, शाळेतही. २०१८ साली आलेल्या आपल्या दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकात 'मनोरंजनाची माध्यमे आणि इतिहास' असा एक धडाच आहे. नाटक, सिनेमा, कीर्तन, पोवाडा. तो धडा शिकवताना एखाद्या गुरुजींनी सात मिनिटांचं हे कार्टून लावावं आणि एवढंच विचारावं: यात युद्ध कुठे कुठे दिसलं? मी पैज लावतो, चाळीस मुलांत निदान दहा जणांना आपल्या हातातल्या मोबाइल गेममधलं युद्ध आठवेल.

कुणी म्हणेल, नऊ वर्षांच्या पोरीला कशाला हे डोक्याला? तिला हसू दे की. हा आक्षेप मला सगळ्यांत जवळचा वाटतो, कारण मी स्वतः पंधरा वर्षं काही न कळता हसलो आणि माझं काही बिघडलं नाही. बहुतेक. पण तिनं विचारलं. मी विचारलं नव्हतं. विचारणाऱ्याला 'काही नाही गं, गंमत आहे' म्हणणं हीसुद्धा कात्रीच.

म्हणून मी रिमोटनं मागे गेलो आणि एकेक चिठ्ठी थांबवून तिला वाचून दाखवली. तिला माझ्यापेक्षा इंग्रजी बरं येतं, तिनंच मला दोनदा थांबवलं. शेल्टर म्हणजे काय, पाणबुडी म्हणजे काय, अमेरिका तेव्हा कुणाशी भांडत होती, आपण कुणाकडून होतो ("दोन्हीकडून? असं कसं मामा?"), असं करत सात मिनिटांच्या कार्टूनला पाऊण तास लागला. मधे दोनदा ती कंटाळून उठून गेली, हेही सांगायला हवं. टॉमच्या बुडावरून किसणी गेली तेव्हा ती पहिल्याइतकीच हसली. माहितीनं विनोद मरतो म्हणतात, तसं काही झालं नाही.

मग पुन्हा झेंडा आला, सॅल्यूट आला, आणि त्यानंतरची शेवटची तार. युद्ध जिंकलंय, मांजर आभाळात फुटलंय, आणि लेफ्टनंट जेरी मुख्यालयाला कळवतो: आणखी मांजरं पाठवा.

सईनं ती तार दोनदा वाचली.

"जिंकला ना तो?" ती म्हणाली. "मग अजून मांजरं कशाला हवीत त्याला?"